डोळ्यांदेखत

शिंदखेडा तालुक्यात दोंडाईचा हे मिरचीचे गाव. हिवाळा लागला की ओली लाल मिरची बाजारात येते, तिचा लिलाव होतो आणि माल पथारीवर जातो. पथारी म्हणजे मिरची वाळवण्याची मोकळी, उन्हाला पूर्ण सामोरी जागा. डोक्यापासून नाकापर्यंत फडके गुंडाळलेल्या बायका तिथे ओळीने बसतात, वाळती मिरची उलथतात, डागी मिरची बाजूला काढतात, देठ खुडतात. अलीकडे या ओळींच्या कडेला कधी कधी तिपाईवर मोबाइल उभा केलेला दिसतो. मसाल्याचा लहानसा व्यवसाय करणारा कुणी आपल्या पुडीत जाणारी मिरची कुठे वाळते, ते टिपत असतो. पुडीचा फोटो त्याने आधीच काढून ठेवलेला असतो. तो स्वच्छ असतो, रंगीत असतो, त्यावर नाव ठसठशीत असते. तरी पाहणाऱ्याचे बोट त्या फोटोवर थांबत नाही. ते थांबते पथारीवर, उन्हात चमकणाऱ्या तांबड्या पसाऱ्यावर आणि देठ खुडणाऱ्या बोटांवर.

वस्तू कशी घडली हे दाखवणाऱ्या अशा चित्रफितींना व्यवसायाच्या भाषेत ‘मेकिंग’ म्हणतात. त्यांचे प्रकार थोडेच आहेत. एका प्रकारात कच्च्या मालापासून तयार वस्तूपर्यंतचा प्रवास असतो: शेंगदाणा घाण्यात पडतो आणि शेवटी बाटलीत तेल उतरते. दुसऱ्यात माणसे असतात: कारागीर, पॅकिंग करणाऱ्या बाया, सकाळी दुकान उघडणारा मालक. तिसऱ्यात खुद्द जाहिरातीचीच पडद्यामागची बाजू असते: दिवे लावले जात आहेत, नट संवाद विसरतो, सगळे हसतात. तिन्ही प्रकारांत विकण्याची वस्तू जरा मागे सरकते आणि तिच्याआधीचा वेळ पुढे येतो. दहा दिवसांचे काम अर्ध्या मिनिटात आवरलेले असते, पण ते दहा दिवसांचे होते हे पाहणाऱ्याला कळावे इतकी खूण त्यात राखलेली असते.

या दाखवण्याचे मूळ मोबाइलच्या फार आधीचे आहे. खानदेशातल्या गावात वस्तू तयार होताना पाहणे हा गिऱ्हाइकाचा हक्कच होता. उन्हाळ्यात वर्षाचे तिखट करायचे म्हणजे मिरची घरी आणायची, निवडायची, पुन्हा उन्हात कडक करायची आणि डबे घेऊन कांडपावर जायचे. तिथे आपला नंबर येईपर्यंत बसायचे आणि नंबर आला की यंत्राशेजारी उभे राहायचे. आधीच्या बाईची मिरची उखळात उरली नाही ना, ते वाकून पाहायचे. ठसका लागला तरी हलायचे नाही. घरी परतल्यावर सासूने विचारले तर उत्तर तयार असे: ‘मन्हा डोयासमोर कुटेल शे.’ त्या एका वाक्यात मालाची हमी, कांडपवाल्यावरचा विश्वास आणि त्याच्यावरचा संशय असे तिन्ही एकत्र नांदत. गिरणीवरचे दळण तसेच, घाण्यावरचे तेल तसेच. सोनाराकडे जुना दागिना मोडायला दिला की तो मुशीत वितळेपर्यंत घरातले कुणीतरी जाणते माणूस समोर बसून राही. जळगावच्या सोन्याची ख्याती दूरवर पोचली असली, तरी दागिना आटवताना समोर बसणाऱ्याची नजर काही त्या ख्यातीने सैल होत नसे.

घरात होणाऱ्या वस्तूंना तर पडदाच नव्हता. ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, नागलीचे पापड ही कामे पहाटे गच्चीवर किंवा अंगणात निघत आणि गल्लीतल्या चार-पाच घरांच्या हातांनी पार पडत. मुले कुरडयांचा गरम चीक वाटीत घेऊन तिथेच बसत. वर्षभर ताटात येणारी वस्तू एके दिवशी सगळ्यांच्या समोर झालेली असे. तिचा इतिहास ठाऊक असे, कुणाच्या हातची जाड झाली आणि कुणाची पातळ हेसुद्धा. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या गाण्यांत जाते, नांगरणी, पेरणी, मळणी आणि चूल येते ती याच वळणाने. तयार भाकरीपेक्षा भाकरी होत असतानाची धग आणि चटका तिथे अधिक आहे. ही गाणी १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. काम करता करता सुचलेली ओळ शहरी वाचकाला नवी वाटली. खानदेशातल्या ऐकणाऱ्याला मात्र तो रोजचाच देखावा होता.

मग डबा आला, पुडी आली आणि वस्तू भिंतीआड तयार होऊ लागली. हा बदल खानदेशाने जवळून पाहिला आहे. शिंदखेड्याहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पुढे अमळनेर लागते. तिथे डिसेंबर १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी वनस्पती तुपासाठी स्थापन झाली. तीच पुढे विप्रो झाली. वनस्पती तूप हा पदार्थच असा की त्याचे घडणे कुणाच्या अंगणात दाखवण्याजोगे नाही. तेलात हायड्रोजन मिसळतो आणि तेल थिजते, हे डोळ्यांना समजणारे काम नव्हे. तुपासारखे दिसते पण तूप नव्हे, म्हणून त्याच्याभोवती संशय राहिला. त्याला वेगळा रंग द्यावा की नाही यावर देशात बरीच वर्षे चर्चा चालली. सरकारने अखेर वेगळी वाट काढली: वनस्पतीत ठरावीक प्रमाणात तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. साजूक तुपात कुणी वनस्पतीची भेसळ केली, तर त्या तिळाच्या अंशामुळे रासायनिक चाचणीत तांबडा रंग उमटतो. कांडपाशेजारी उभ्या असलेल्या बाईची जागा अशा रीतीने प्रयोगशाळेतल्या नळीने घेतली. डोळ्यांनी पाहायचे ते आता तपासनीस पाहू लागला. गिऱ्हाइकाच्या हाती उरले ते डब्यावरचे नाव आणि चित्र.

कारखान्याचे दार बंद होत असतानाच ते थोडे किलकिले करून दाखवण्याची कलाही जन्मली. चित्रपटाच्या इतिहासाचा पहिला धडाच याचा आहे. फ्रान्समधल्या लिआँ शहरात छायाचित्रणाच्या काचा तयार करणाऱ्या ल्युमिए बंधूंनी १८९५ साली आपल्याच कारखान्याच्या दारासमोर कॅमेरा लावला आणि सुट्टी झाल्यावर बाहेर पडणारे कामगार टिपले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात या बंधूंच्या फितींचा तिथला पहिला खेळ झाला, त्यातही कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसांची फीत होती. मुंबईकरांनी पाहिलेल्या पहिल्यावहिल्या चलच्चित्रांत एका व्यवसायाचे दार होते, ते असे. या चित्रणाच्या तीन आवृत्त्या आज उपलब्ध आहेत. नंतरच्या आवृत्त्यांत कामगारांच्या अंगावर रविवारचे ठेवणीतले कपडे दिसतात. म्हणजे ते पुन्हा बोलावले गेले, पुन्हा त्या दारातून बाहेर पडले, आणि या वेळी कॅमेरा आहे हे ठाऊक असताना. मेकिंगची सगळी गंमत आणि सगळी गोची या पहिल्याच फितीत आली आहे.

महाराष्ट्रात कारखान्याची आतली बाजू गिऱ्हाइकापर्यंत आधी छापील कागदावरून पोचली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर तयार केले. शेतकऱ्याला लाकडी नांगर ठाऊक होता. गावच्या सुताराकडे बसून तो तासून घेता येई, फाळ लोहाराच्या भात्याजवळ उभे राहून शेवटून घेता येई. वाडीतून रेल्वेने येणारा नांगर मात्र पुरा तयार होऊनच उतरे. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले, ते कारखान्याची बातमी बाहेर पोचवण्यासाठी. शंकरराव स्वतः चित्रकार होते, म्हणून त्या बातमीला रूपही लाभले. पुढे ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ हे मासिक उरले, कथा-लेख-विचारांचे झाले आणि मराठी घराघरांत गेले. नांगराची माहिती देता देता एक कारखाना वाचकांच्या पिढ्या घडवून बसला.

या परंपरेतला सर्वांत विलक्षण माणूस मात्र दादासाहेब फाळके. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा चित्रपटासाठी पैसा उभा करणे हा पहिला प्रश्न होता. पैसेवाल्याला न दिसलेल्या गोष्टीची ग्वाही द्यायची कशी? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण करत राहिले. पडद्यावर दाणा फुटला, कोंब वर आला, वेल झाला; महिन्याभराची वाढ मिनिटाभरात. ती ‘अंकुराची वाढ’ पाहून कर्ज देणारा तयार झाला. चित्रपट तयार होण्याआधीच चित्रपट कसा होतो याचे प्रात्यक्षिक विकले गेले होते. मग ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

चार वर्षांनी, १९१७ मध्ये, फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढला. त्याचे काही अंश आजही जपलेले आहेत. त्यात फाळके स्वतः दिसतात: नटांना तालीम देताना, फिल्मच्या पट्ट्या डोळ्यांसमोर धरून निरखताना, जोडताना. हा उपक्रम निव्वळ हौसेचा नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीपासून ते ‘नवयुग’ मासिकात आपल्या धंद्याची हकीकत लिहीत होते, आणि १९१८ च्या आरंभी भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. परदेशी जादू समजली जाणारी वस्तू इथल्याच हातांनी, इथल्याच अंगणात होते, हे दाखवणे स्वदेशीच्या त्या काळात आवश्यक होते. जादूगाराने आपली पेटी उघडून दाखवली तर जादू संपते, असा समज असतो. फाळक्यांच्या बाबतीत उलटे घडले. पट्टी कशी कापतात हे पाहिलेल्या माणसाला पडद्यावर लंकेला लागलेली आग आणखीच थक्क करणारी वाटू लागली.

त्या लघुपटात न आलेले पुष्कळ काही फाळक्यांच्या घरात घडत होते. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडावी लागत. हे काम अंधारात हाताने करायचे, आणि ते सरस्वतीबाई फाळके करत. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. आज ‘राजा हरिश्चंद्र’चा उरलेला भाग पाहणारे थोडे असतात, पण भोके पाडणारी गृहिणी आणि तारामती झालेला आचारी यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) तर संपूर्णच त्या खटाटोपावर उभा आहे. कलाकृती कालांतराने झिजते आणि तिच्या घडण्याची हकीकत मात्र ठसठशीत होत जाते, असे क्वचित घडते. इथे घडले आहे.

तशीच दुसरी हकीकत मालेगावची. शिंदखेड्याहून धुळे ओलांडून दक्षिणेला गेले की हे यंत्रमागांचे शहर लागते. शेख नासिर यांनी तिथे घरगुती साधनांनी चित्रपट काढले: आधी ‘मालेगाव के शोले’, पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. दुसऱ्याच्या चित्रीकरणाच्या वेळी फैझा अहमद खान कॅमेरा घेऊन हजर होत्या. त्यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट देशोदेशींच्या महोत्सवांत गाजला आणि २०१२ मध्ये चित्रपटगृहांतही लागला. सायकलवर बसून कॅमेरा चालवायचा, क्रेन म्हणून बैलगाडी वापरायची, हिरव्या कापडासमोर यंत्रमागावरचा काटकुळा कामगार आकाशात उडवायचा, हे सारे त्यात आहे. नासिर यांच्या ‘सुपरमॅन’पेक्षा त्याच्या मागची ही धडपड कितीतरी अधिक लोकांनी पाहिली. पुढे रीमा कागती यांनी याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ केला, तो २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. मालेगावच्या या मंडळींकडे विकायला तसे फारसे काही नव्हते, पण लोकांनी पैसे मोजून पाहिले ते अपुऱ्या साधनांतून वाट काढणे.

मेकिंगमध्ये डोळा नेमका कशाने रमतो, हे मांडे करणाऱ्या बाईसमोर उभे राहिले की समजते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला खानदेशातल्या घरांत पुरणाचे मांडे होतात. कणीक आपटून आपटून लवचिक केलेली असते. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर घेतली जाते, या हातावरून त्या हातावर झुलत कोपरापर्यंत पसरत जाते, इतकी पातळ होते की आरपार उजेड दिसावा. मग ती पालथ्या खापरावर अलगद टाकली जाते. खाली चूल भडकलेली असते. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत, महालक्ष्मी सरससारख्या ठिकाणी, खानदेशातले महिला बचत गट हे खापर मांडतात तेव्हा गर्दी मांडा विकत घेण्यासाठी उभी असतेच. पण रांगेत नसलेलेही उभे राहतात. मांडा हातावर असतो तेवढे क्षण कुणी बोलत नाही. तो फाटू शकतो, ही जाणीव सगळ्यांना असते. कौशल्य दिसते ते या शक्यतेमुळे. यंत्रातून भराभर पडणाऱ्या पोळ्या पाहण्यातही मौज आहे, पण ती नियमितपणाची मौज. मांड्याच्या बाबतीत प्रत्येक खेपेला थोडी धाकधूक असते. चांगली मेकिंग चित्रफीत ही धाकधूक जपते. वाईट चित्रफीत फाटलेला मांडा कापून टाकते आणि सगळे मांडे सारखेच गोल दाखवते.

दाखवायचे म्हटले की निवड आली. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५० च्या दशकात माणसाच्या वागण्याची विभागणी रंगमंचावरची आणि पडद्यामागची अशी केली. डीन मॅकॅनेल यांनी १९७३ मध्ये पर्यटकांविषयी लिहिताना पुढचे पाऊल टाकले: पाहुण्यांना दाखवण्यासाठी नीट लावलेली मागची खोली हीसुद्धा एक पुढची खोलीच असते. येवल्यात पैठणीच्या अनेक दुकानांत माग मांडलेला असतो. गिऱ्हाईक धोट्याची ये-जा पाहते आणि साडीच्या किमतीबद्दल जरा कमी घासाघीस करते. तो माग खोटा नसतो, विणकर खरा असतो, पदरावरचा मोर खरोखरच तिथे उतरत असतो. तरीही तो माग कुठे ठेवायचा, हे दुकानाने ठरवलेले असते. पथारीवरच्या चित्रफितीचेही तसेच. तिच्यात मिरचीचा रंग येतो, खाट येत नाही. देठ खुडणारी बोटे दिसतात. संध्याकाळपर्यंत त्या बोटांची होणारी आग आणि किलोमागे हाती पडणारी मजुरी ही चौकटीबाहेर राहते. कॅमेरा आला त्या दिवशी सगळ्यांना टोप्या आणि हातमोजे मिळतात. ल्युमिएच्या कामगारांचे रविवारचे कपडे असे अजून अंगावर आहेत.

पाहणाऱ्याला हे कळत नाही असे मानण्याचे कारण नाही. तमाशाच्या राहुटीबाहेर रेंगाळणाऱ्या प्रेक्षकालाही आतून रंग लावला जातो आहे हे ठाऊक असते, आणि रंग लावलेला असूनही रात्री तो वगात रडतो. मेकिंग पाहणारा साधारण तितकाच भोळा आणि तितकाच शहाणा असतो. त्याला संपूर्ण सत्य मिळण्याची अपेक्षा नसते. वस्तूच्या मागे कुणीतरी माणूस आहे, त्याला वेळ लागला आहे, त्याचा हात कधी चुकतो, एवढे दिसले तरी त्याचे समाधान होते. दोंडाईच्याचा माणूस पुण्याला नोकरीनिमित्त स्थिरावतो, दुकानातून पुडीतले तिखट आणू लागतो, आणि मग एखाद्या रात्री मोबाइलवर कांडपाचा धपधप आवाज ऐकत बसतो. त्याला तो आवाज परका नसतो. लहानपणी आईबरोबर डबा धरून तो तिथे उभा राहिलेला असतो.

मात्र त्या उभे राहण्यात आणि या पाहण्यात एक अंतर आहे. कांडपाशेजारची बाई पाहता पाहता बोलू शकत होती. ‘थांब, आधी उखळ पूस’, ‘धणे नंतर टाक’, ‘हे बारीक नाही झाले’, असे ती म्हणे आणि कांडपवाल्याला यंत्र थांबवावे लागे. चित्रफितीत सगळे दिसते, पण थांबवता काहीच येत नाही. थांबते ते फक्त चित्र. गावातल्या लहान व्यावसायिकाला या माध्यमाने मोठे बळ दिले, यात शंका नाही. शिंदखेड्याच्या बाजारपेठेत दर्शनी दुकान घेण्याची ऐपत नसलेली बाई घरच्या ओट्यावरून काळा मसाला, बिबडे, कुरडया नाशिक-सुरतेपर्यंत पाठवू शकते, आणि तिची जाहिरात म्हणजे तिचा ओटाच असतो. मोठ्या कंपन्या खर्च करून जो साधेपणा उभा करतात, तो तिच्याकडे आयता आहे.

अशा काही जणी आता मसाला भाजताना थेट प्रक्षेपण करतात. पलीकडून कुणी ओळखीचे असेल तर अहिराणीतच विचारते: ‘देठ काढेल शेतस का?’ मग कढईखालचा गॅस बारीक होतो, मिरचीची परात कॅमेऱ्यासमोर येते, चार मिरच्या उचलून दाखवल्या जातात. दगडफूल कमी टाका, तिखट जरा जाडसर ठेवा, अशा सूचना येतात. काही पाळल्या जातात, काहींवर नुसते ‘हो ताई’ म्हटले जाते. ऑर्डर पाचपंचवीस घरांची असते तोवर हे जमते. ती शेकड्यांवर गेली की कढई मोठी होते, खोली वेगळी होते, भाजायला माणसे लागतात, आणि मग कोणती चूल दाखवायची आणि कोणती नाही, हे ठरवणे भाग पडते.